‘तुम्ही पेशंटचे कोण?’

सिव्हिलमध्ये एखाद्या नातेवाइकाच्या उशाशी रात्र काढली असेल, तर हा प्रश्न तुम्ही दहा वेळा तरी ऐकला असेल. वॉर्डच्या दारातला सिक्युरिटीवाला विचारतो, सिस्टर विचारतात, केसपेपर काढणारा विचारतो. ‘भाऊ’, ‘मुलगी’, ‘मिसेस’, काहीतरी उत्तर आपल्याकडे तयार असतं आणि आपण आत जातो. पण ज्याच्याकडे या प्रश्नाचं खरं उत्तर आहे, पण ते तोंडातून काढता येत नाही, त्याचं काय होतं?

हा प्रश्न आज एका खास पेशंटबद्दल विचारू या. तो सैनिक होता. त्याच्या मणक्याला इजा झाली आहे. आणि तो समलिंगी आहे, किंवा ट्रान्स आहे. ‘असे किती असणार?’ असं लगेच मनात येईल. पण आपल्या आरोग्यव्यवस्थेची परीक्षा घ्यायची तर हाच पेशंट घ्यावा. सैन्य, अपंगत्व आणि लैंगिकता या तिन्ही दारांवर त्याला वेगवेगळा पास दाखवावा लागतो, आणि एकाच्या पासवर दुसरं दार उघडत नाही.

चंदू चॅम्पियन आणि खडकी

जून २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ आला, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांना मुरलीकांत पेटकर हे नाव पहिल्यांदा कळलं. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले. अनेक गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात. उपचाराचा भाग म्हणून पोहणं सुरू झालं आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं.

त्यांच्या गोष्टीतून एक साधी बाब समजते. मणक्याला इजा झालेला सैनिक ऑपरेशननंतर घरी पाठवून दिला की संपलं, असं नसतं. त्याला पुन्हा उभं करणारी वेगळी यंत्रणा लागते. आपल्या राज्यात ती आहे. पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून. मणक्याच्या इजेमुळे अधू झालेले जवान तिथं राहतात, कामं शिकतात, व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतात. दुसरं असं केंद्र मोहालीत आहे. सोलापूर स्टेशनवरून पुण्याची गाडी पकडली की चार-पाच तासांत खडकी. म्हणजे हा विषय अमेरिकेतला नाही, आपल्या रेल्वेलाइनवरचा आहे.

मणका तुटतो तेव्हा

मज्जारज्जू म्हणजे मेंदूतून निघून पाठीच्या कण्यातून जाणारी मुख्य केबल. ती मानेत तुटली तर चारही हातपाय जातात, पाठीत तुटली तर पाय जातात. एवढं आपल्याला माहीत असतं. त्यापुढचं कुणी सांगत नाही, कारण ते चारचौघांत बोलायचं नसतं.

लघवी-संडासवरचा ताबा जातो. दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. त्वचेला दुखणं कळत नाही, म्हणून रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर प्रेशर सोअर होतो, म्हणजे बेडवर पडून राहिल्याने होणारी जखम. ती हाडापर्यंत जाते आणि जंतुसंसर्गाने माणूस दगावूही शकतो.

छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर आणखी एक धोका असतो, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. कारण क्षुल्लक असतं. लघवीची पिशवी तुंबली, नळीला पीळ पडला, एखादा कपडा घट्ट बसला. एवढ्यावर रक्तदाब अचानक भयंकर वाढतो. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. लगेच उठवून बसवलं आणि नळी तपासली तर दहा मिनिटांत माणूस सावरतो. ओळखायला उशीर झाला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रोज हे न पाहणाऱ्या ड्युटी डॉक्टरच्या हे पटकन लक्षात येईलच असं नाही. लक्षात येतं ते रोज सोबत राहणाऱ्या माणसाच्या.

माझा मुद्दा इथंच आहे. मणक्याच्या पेशंटचा जोडीदार हा ‘भेटायला आलेला’ नसतो, तो उपचाराचा भाग असतो. कोणती नळी चालते, कुठली जखम जुनी आहे, कुठल्या गोळीने त्रास होतो, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. त्यालाच ‘नात्यातलं कुणी असेल तर बोलवा’ म्हणून दाराबाहेर काढलं, तर दुखावतात फक्त भावना नाही. पेशंटच्या जिवाला धोका होतो.

वर्दीतली गप्प बसण्याची सवय

आता यात सैन्य आणू. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा तो भाग रद्द केला, ज्यामुळे प्रौढांमधला संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा ठरत होता. कॉलेजात पेढे वाटले गेले, स्टेटस लागले. पण राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला सैन्यदलांसाठी मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायची मुभा देतं, आणि आर्मी अ‍ॅक्ट १९५० मधली ४५ आणि ४६ ही कलमं जागेवरच आहेत. ४६ मध्ये ‘अनैसर्गिक’ प्रकारच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकारांना स्पष्ट सांगितलं, की लष्करात हे चालू दिलं जाणार नाही. २०२२ मध्ये एका समलिंगी मेजरवर चित्रपट करायचा म्हणून दिग्दर्शक ओनीर यांनी परवानगी मागितली, ती संरक्षण मंत्रालयाने नाकारली. ती कल्पना त्यांना सुचली होती २०२० मध्ये उघडपणे बोललेल्या मेजर जे. सुरेश या माजी अधिकाऱ्यावरून. सुरेश बोलले ते सैन्य सोडल्यानंतर.

सैन्याची बाजूही ऐकू या. बराकीत, बंकरमध्ये माणसं अंगाला अंग लावून राहतात, शिस्त बिघडेल, जवान गावाकडच्या घरांतून येतात, असं सांगितलं जातं. ब्रिटनने २००० साली आणि अमेरिकेने २०११ साली बंदी उठवली, तिथली सैन्यं काही विस्कटली नाहीत, हे त्यावरचं उत्तर. पण तो वाद आज बाजूला ठेवला तरी चालेल, कारण आपला पेशंट बराकीत नाही. तो व्हीलचेअरवर आहे, निवृत्त आहे. त्याला गप्प बसवून कुठली शिस्त राखली जाते?

तरी तो गप्पच बसतो. कारण हिशोबाचं आहे. ड्युटीवर जखमी होऊन बाहेर पडलेल्या जवानाला डिसॅबिलिटी पेन्शन मिळते, शंभर टक्के अपंगत्व असेल तर मदतनीसासाठी वेगळा भत्ता मिळू शकतो, आणि ‘ईसीएचएस’ ही माजी सैनिकांची आरोग्य योजना (२००३ पासून) लागू होते. शिस्तभंगासाठी काढून टाकलं तर यातलं बरंच हातचं जाऊ शकतं. सेवेतल्या कृत्याबद्दल सैन्य सोडल्यानंतरही तीन वर्षांपर्यंत आर्मी अ‍ॅक्टखाली खटला सुरू करता येतो. शिवाय लष्करी दवाखान्यात समोरचा डॉक्टर हा अधिकारीही असतो. ज्याच्यासमोर कपडे काढायचे, त्यालाच सॅल्यूटही ठोकायचा. अशा माणसाला खासगीतलं कोण सांगेल?

नौदलातल्या साबीचं उदाहरण बोलकं आहे. ती २०१० मध्ये नौदलात भरती झाली. रजेवर असताना तिनं लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तिला सेवेतून काढलं गेलं. त्याआधी आपल्याला मनोरुग्ण विभागात ठेवलं होतं, असं तिनं नंतर सांगितलं. तिला मणक्याची इजा नव्हती, चालता-फिरता येत होतं, कोर्टात जाता येत होतं. अंथरुणाला खिळलेल्याने यातलं काय केलं असतं?

गावाकडं आल्यावर

समजा, आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातला असा जवान घरी परत आला. गाव सत्कार करतं, फ्लेक्स लागतो. महिनाभराने घरात एकच चर्चा सुरू होते, ‘याचं लग्न करून टाकू, बायको सेवा करंल की.’ आपल्याकडं हे किती सहज बोललं जातं ते आठवून बघा. मुलगी म्हणजे फुकटची नर्स, हा त्यातला पहिला अन्याय. आणि मुलाला मुलींमध्ये रसच नसेल तर दोन आयुष्यांचा खेळ होतो.

दुसरी गोष्ट एकांताची. चालणारा मुलगा काहीतरी कारण काढून गावाबाहेर जाऊ शकतो, पुण्याला मित्राकडं राहून येऊ शकतो. ज्याला खुर्चीतून गाडीत ठेवायलाही दोन माणसं लागतात, त्याचं प्रत्येक जाणं-येणं घराच्या परवानगीनं होतं. हातात ताकद नसेल तर फोनसुद्धा दुसऱ्यानं धरायचा. मग कुणाशी बोलायचं, काय बोलायचं? मोठ्या शहरांत एलजीबीटी गटांच्या भेटीगाठी होतात. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेला समपथिक ट्रस्ट आहे, मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे. पण व्हीलचेअरवाल्याला तिथवर पोहोचायचं तर आधी एसटीची पायरी चढावी लागते, आणि तीच त्याला चढता येत नाही.

तिसरी गोष्ट डॉक्टरांच्या खोलीतली. मणक्याच्या इजेनंतर लैंगिक आयुष्याचं काय, हा प्रत्येक तरुण पेशंटच्या मनातला प्रश्न. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ मध्ये लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचा उल्लेखच आहे. पण बोलणं होतं ते ‘लग्न झालंय का? मूल होईल का?’ एवढंच. ज्याचं उत्तर या दोन प्रश्नांत बसत नाही, तो मान हलवून बाहेर येतो. मग संसर्ग, औषधांचे दुष्परिणाम, नैराश्य, सगळंच न सांगितलेलं राहतं.

मिनेसोटाची शॅरन

जगात हे आधी कुठं घडलंय? नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शॅरन कोवाल्स्की या तरुणीच्या गाडीला दारू प्यायलेल्या ड्रायव्हरने धडक दिली. तिच्या मेंदूला जबर इजा झाली, चालणं-बोलणं गेलं. तिची जोडीदार कॅरन थॉम्पसन चार वर्षं तिच्यासोबत एका घरात राहत होती, पण घरच्यांना नातं माहीत नव्हतं. ते कळल्यावर वडिलांनी पालकत्व मिळवलं आणि कॅरनला भेटायला बंदी केली. तीन वर्षांहून जास्त काळ ती शॅरनला पाहूही शकली नाही. शेवटी डिसेंबर १९९१ मध्ये अपील कोर्टाने पालकत्व कॅरनला दिलं. आठ वर्षं! त्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी समलिंगी जोडप्यांनी वकिलाकडं जाऊन कागदपत्रं करून ठेवली. एप्रिल २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी आदेश काढला, की सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांनी पेशंट ज्याचं नाव सांगेल त्याला भेटू द्यावं.

सैनिकांचंही तसंच. ‘विचारू नका, सांगू नका’ या १९९३ ते २०११ च्या धोरणाखाली तिथं १३ हजारांहून जास्त जणांना काढलं गेलं. त्याआधीच्या दशकांत काढलेले वेगळेच. ज्यांच्या दाखल्यावर वाईट शेरा होता, त्यांना माजी सैनिकांच्या दवाखान्याची दारं बंद होती. २०२१ मध्ये त्या खात्यानं स्पष्ट केलं, की केवळ लैंगिक कलामुळे असा शेरा मिळालेल्यांनाही सेवा मिळू शकते. त्यांच्या दवाखान्यांत मणक्याच्या इजेची वेगळी केंद्रं आहेत आणि एलजीबीटी माजी सैनिकांसाठी समन्वयकही नेमले गेले. पण मार्च २०२५ मध्ये त्याच खात्यानं ट्रान्स माजी सैनिकांच्या काही उपचारांतून अंग काढून घेतलं. म्हणजे आदेशानं मिळालेलं आदेशानंच जातं. कायद्यात लिहिलेलं जरा जास्त टिकतं.

आपल्या हातात आज काय आहे?

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘सुप्रियो’ खटल्यात समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. जोडप्यांच्या अडचणी बघायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू, असं सरकारनं सांगितलं होतं. ती २०२४ मध्ये नेमली गेली आणि काही पत्रकं निघाली. रेशनकार्डसाठी जोडीदार एकाच घरातले धरा, संयुक्त बँक खातं उघडू द्या, आणि आरोग्य मंत्रालयाकडून राज्यांना, की भेदभाव थांबवा, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्या. हे शेवटचं वाचून मला थांबायला झालं. मेल्यावर जोडीदाराचा हक्क थोडा तरी मान्य झाला. जिवंत असताना आयसीयूच्या आत जायचं काय?

तरीही हाताशी काहीच नाही असं नाही. चार गोष्टी लक्षात ठेवा, कुणाच्या तरी कामी येतील:

• सही पेशंटचीच. शुद्धीत असलेल्या सज्ञान पेशंटच्या उपचाराला त्याचीच संमती लागते, नातेवाइकाची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलंय. पाय गेले म्हणून अक्कल जात नाही. हात चालत नसेल तर अंगठा चालतो. ‘घरच्यांना बोलवा, मग बघू’ हा रिवाज आहे, कायदा नाही.

• मानसिक आरोग्य कायदा २०१७. यात कुठल्याही सज्ञान व्यक्तीला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतं, नातं लागत नाही. लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही, हेही कलम १८ मध्ये लिहिलंय.

• आधीच लिहून ठेवलेली वैद्यकीय इच्छा. २०१८ च्या निकालाने लिव्हिंग विलला मान्यता मिळाली, जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. त्यात ज्याचं नाव लिहाल, तो अखेरच्या निर्णयांत तुमच्या वतीनं बोलू शकतो.

• रुग्ण हक्क सनद. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत लैंगिक कलाचा उल्लेख आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयांत हक्कांची सनद लावायला सांगितलंय. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर शोधा.

मोकळी जागा राहते ती यांच्या मधली. अपघात होऊन माणूस बेशुद्ध आहे, मानसिक आजार नाही, मरणाच्या दारातही नाही, फक्त आज रात्री ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवायचंय, तेव्हा जोडीदार कोण? इथं कागद कमी पडतो. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका समलिंगी जोडप्याच्या प्रकरणात म्हटलं, की कुटुंब फक्त लग्नानेच बनतं असं नाही, निवडलेलं कुटुंबही कुटुंबच. हा विचार पुढं न्यायचा असेल तर ‘माझ्या उपचारांबाबत कोण बोलेल’ हे प्रत्येकाला, लग्न झालेल्यालाही, आधी लिहून ठेवता आलं पाहिजे आणि रुग्णालयाने ते मानलं पाहिजे. ‘ईसीएचएस’च्या अर्जात नवरा-बायको, मुलं, आईवडील यांच्या रकान्यांखाली ‘माझी काळजी घेणारी व्यक्ती’ हा आणखी एक रकाना टाकला, तर आर्मी अ‍ॅक्टला धक्का न लावता हे होईल.

आणि आपण?

ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकडं आरोग्य मंत्रालय राज्यांना ‘भेदभाव नको’ म्हणून पत्र पाठवत होतं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम काढला आणि त्यात स्त्री-समलैंगिकता पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’च्या यादीत! आरडाओरडा झाला, आणि ५ सप्टेंबरला तो मागं घेतला गेला. आरडाओरडा करणाऱ्यांत अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे डॉक्टरही होते. ट्रान्स आणि दिव्यांग, दोन्ही गट एकत्र बोलले म्हणून पाच दिवसांत काम झालं.

आपल्या शहरात वैशंपायन मेडिकल कॉलेज आहे, नर्सिंग आणि फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत. धाराशिवपासून कलबुर्गी-विजयपूरपर्यंतचे पेशंट सोलापुरात येतात. उद्या त्या वॉर्डच्या दारात तुमच्यापैकीच कुणीतरी उभं असणार आहे, ॲप्रन घालून, हातात केसपेपर घेऊन. तेव्हा एक वाक्य बदलता आलं तर बघा. ‘मिसेसचं नाव काय?’ ऐवजी ‘तुमच्यासोबत कोण राहतं? तुमचं कोण बघतं?’ एवढं विचारा. उत्तर काहीही येईल, आई, भाऊ, मित्र. ‘मित्र’ म्हणाला तर भुवई उंचावू नका. रकान्यात नाव लिहा, नंबर घ्या, आणि त्याला आत सोडा. रात्री दोन वाजता कूस बदलायला तोच लागणार आहे.